संगणकास न दिसणारी हार्ड डिस्क : एका दफ्तराच्या नकलेची हकीकत

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या मंडळींस कसर, वाळवी, ओल आणि वारसांची अनास्था हे चार शत्रु पिढीजात परिचयाचे आहेत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांत पांचव्याची भर पडली असून त्याचें स्वरूप पुष्कळांस अद्याप उमगलेलें दिसत नाहीं. दफ्तरांचीं छायाचित्रें काढून तीं हार्ड डिस्कवर सांठवून ठेवण्याची चाल आतां सार्वत्रिक झाली आहे, व ती स्तुत्यच आहे. परंतु रुमाल बांधून फडताळांत ठेवला म्हणजे जी निश्चिंतता वाटते तीच ही डिस्क कपाटांत ठेवल्यावरही वाटूं लागते. आणि एके दिवशीं ती बाहेर काढून संगणकास जोडावी तर संगणक तिची दखलच घेत नाहीं. अशा वेळीं घाईनें व अज्ञानानें जे उपाय केले जातात त्यांनीं मूळ बिघाडापेक्षां अधिक नाश होतो, असें आम्हांस अनुभवांतीं आढळून आलें आहे. सबब प्रस्तुत लेखांत एका डिस्कची हकीकत देऊन, तिच्या अनुषंगानें या बिघाडाची परीक्षा कशी करावी याचें विवेचन करण्याचें योजिलें आहे.

आमचे एक स्नेही इ. स. २०१४ च्या हिवाळ्यांत कृष्णाकांठच्या एका गांवीं वतनदार घराण्याचें दफ्तर पाहावयास गेले होते. दफ्तर नऊ रुमालांचें, बहुतेक मोडी, मधून मधून फारसी शिक्क्यांचे कागद. महजर, निवाडपत्रें, इनामी सनदांच्या नकला, गांवचे ताळेबंद व खासगी पत्रें असा संमिश्र मजकूर. यजमानांनीं एकही कागद घराबाहेर नेऊं दिला नाहीं. मात्र ओसरीवर बसून छायाचित्रें घेण्यास मोकळीक दिली, व दोन्ही वेळां जेवूंही घातलें. सहा दिवसांत दफ्तराचा प्रत्येक बंद पुढून-मागून टिपून झाला. पुढें २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेला महापूर आला, गांवांत पाणी शिरलें आणि खालच्या खोलींतील दफ्तराची पेटी कित्येक दिवस पाण्याखालीं राहिली. काजळाची शाई पाण्यानें सहसा विरघळत नाहीं हें खरें. पण कागदच एकमेकांस चिकटून त्यांचा लगदा झाल्यावर शाईच्या टिकाऊपणाचा उपयोग काय? अस्सल गेलें, नक्कल राहिली, आणि ती नक्कलही एकाच डिस्कवर.

ही डिस्क आमच्याकडे आली तेव्हां तिची पूर्वपीठिका अशी होती. ती घरच्या टेबलावरील संगणकास जोडली म्हणजे पेटीवरील निळा दिवा लागे, परंतु पडद्यावर कांहींच उमटत नसे. तीन-चारदां हाच प्रकार झाल्यावर एकदां मात्र पडद्यावर, 'ही डिस्क वापरण्यापूर्वीं फॉरमॅट केली पाहिजे; करूं काय ?' अशा अर्थाचा प्रश्न आला. स्नेह्यांनीं केवळ दैवयोगानें 'नको' म्हणून कळविलें. नंतर एका दुकानदारानें ती कानाशीं धरून 'गेली' असा निकाल दिला. निकाल द्यावयास त्यास अर्धें मिनिटही लागलें नाहीं.

'डिस्क दिसत नाहीं' हें वाक्य 'दफ्तर मिळत नाहीं' या वाक्याइतकेंच मोघम आहे. दफ्तर मिळत नाहीं म्हणजे वाड्याचा दरवाजाच बंद असेल. दरवाजा उघडा असून पेटीची किल्ली हरवली असेल. पेटी उघडली तरी रुमालांची फेरिस्त गहाळ असेल. अथवा सर्व कांहीं हातीं येऊनही पाहणाऱ्यास मोडी येत नसेल. चारी प्रसंगीं शोधक रिकाम्या हातानेंच परततो, परंतु उपाय चारी ठिकाणीं निराळे. मोडी येत नाहीं म्हणून कोणी दरवाजा फोडीत नाहीं. डिस्कच्या बाबतींत मात्र शहाणीं माणसेंही नेमकें हेंच करितात. म्हणून अडथळा कोणत्या उंबरठ्यावर आहे हें प्रथम ठरवावें, व तें ठरेपर्यंत डिस्कवर एक अक्षरही लिहिलें जाऊं देऊं नये. अस्सल कागदावर आपण शिसपेनीची खूणही करीत नाहीं, तोच दंडक येथें लागू आहे.

आतां या पेटींत काय असतें तें सांगितलें पाहिजे. कारण पेटी व डिस्क या एकच वस्तु आहेत असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक पेटींत दोन स्वतंत्र वस्तु असतात. एक खरी डिस्क, म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या चकचकीत तबकड्या, त्या फिरविणारी मोटर व त्यांवरील मजकूर वाचणारीं टोंकें; आणि दुसरी, डिस्कची भाषा यूएसबीच्या भाषेंत उतरविणारी एक लहानशी विद्युत्-पट्टी. या दुसरीस आपण दुभाष्या म्हणूं. दुभाष्या मुका झाला म्हणजे आंतील धनी धडधाकट असूनही बाहेर शब्द येत नाहीं, व पाहणारास तो मेला असें वाटतें. तबकड्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात, आणि वाचणारें टोंक तबकडीस न टेकतां अवघ्या कांहीं नॅनोमीटरांवर तरंगत असतें. माणसाचा केस ऐंशी हजार नॅनोमीटरांच्या आसपास जाड असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे घरीं स्क्रू काढून डिस्कचें झांकण उघडणें किती घातक आहे तें निराळें सांगावयास नको. धुळीचा एक कण त्या टोंकापुढें डोंगरासारखा उभा राहतो. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें अशा जातीचें पहिलें यंत्र विक्रीस काढलें, त्यांत दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या व त्या सगळ्या मिळून सुमारें पन्नास लक्ष अक्षरें मावत. आज आमच्या स्नेह्यांच्या दफ्तराचें एकेक छायाचित्र तेवढी जागा खातें !

परीक्षेची सुरुवात विजेपासून करावी. यांत शहाणपण दिसत नाहीं म्हणून लोक ही पायरी ओलांडून जातात. तळहातावर मावणारी लहान डिस्क पांच व्होल्टांवर चालते व ती वीज तिला यूएसबीच्या केबलींतूनच मिळते. जुन्या धर्तीच्या यूएसबी दोनच्या पोर्टांतून ५०० मिलिअँपियर व यूएसबी तीनच्या पोर्टांतून ९०० मिलिअँपियर इतकाच प्रवाह मिळावा असा नियम आहे, आणि मोटर स्थिर स्थितींतून फिरूं लागतांना नेहमींपेक्षां बराच अधिक प्रवाह मागते. टेबलावरील संगणकाच्या पुढच्या बाजूस जे पोर्ट असतात ते आंतून एका लांब तारेनें मुख्य पट्टीस जोडलेले असतात. मागील बाजूचे पोर्ट मुख्य पट्टीवरच बसविलेले असतात. म्हणून पुढें जोडलेली डिस्क दिसत नसल्यास ती मागें जोडून पाहावी. एका पोर्टाचे चार पोर्ट करणारा जो हब असतो तो मध्यें मुळींच ठेवूं नये. केबलही बदलून पाहावी. या डिस्कांची रुंद चपटी, दोन खणांची पिन वरचेवर काढघाल केल्यानें सैल पडते. हल्लींच्या कांहीं केबली तर केवळ मोबाइलास वीज देण्यापुरत्याच असून त्यांत मजकूर नेणाऱ्या तारा मुळीं घातलेल्याच नसतात. बाहेरून दोहोंत कांहीं फरक दिसत नाहीं.

मोठी, साडेतीन इंची डिस्क असेल तर तिला स्वतःचा अॅडाप्टर लागतो. येथेंच आमच्या प्रकरणाची पहिली गांठ सुटली. स्नेह्यांनीं दोन वर्षांपूर्वीं घर बदललें, त्या गडबडींत मूळ अॅडाप्टर हरवला व इंटरनेटच्या राऊटरचा अॅडाप्टर त्याच छिद्रांत नीट बसतो असें पाहून तोच लावण्यांत येऊं लागला. दोहोंवरही बारा व्होल्ट असेंच लिहिलेलें. परंतु मूळचा दोन अँपियर देणारा होता, व हा अर्धा अँपियर. एवढ्याशा प्रवाहावर निळा दिवा सुखानें लागे, दुभाष्याही जागा होई, पण तबकड्या फिरत नसत. फिरल्याच तर मध्येंच बसत. दिवा लागला म्हणजे डिस्क चालली असें समजूं नये, हा या प्रकरणींचा पहिला धडा. याच्या उलट चूक अधिक वाईट : लॅपटॉपचा एकोणीस व्होल्टांचा अॅडाप्टरही कधीं कधीं त्याच छिद्रांत बसतो, आणि तो लावल्यास पट्टी जळते. अॅडाप्टरवर कोणत्या पेटीचा तें चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवावें. वेष्टणावर रुमालाचा अंक घालतों तसेंच हें.

योग्य अॅडाप्टर लावून आम्हीं पेटीवर हात ठेवला, तों आंत बारीकशी थरथर होऊन ती एका लयींत स्थिरावली. ही कसोटी कोणत्याही यंत्राच्या कसोटीहून कमी मोलाची नाहीं. थरथर मुळींच नसेल तर वीज पोंचत नाहीं, किंवा पट्टी जळली आहे. थरथर होऊन एकसारखा 'टक् टक्' असा ठराविक अंतरानें आवाज येत असेल तर वाचणारीं टोंकें आपली जागा शोधीत आहेत व तीं त्यांस सांपडत नाहींत. बारीक 'चीं चीं' असा सूर येत असेल तर मोटर फिरूं पाहते पण फिरत नाहीं. वीज अपुरी असेल, अथवा टोंक तबकडीस चिकटलें असेल. पहिल्यास उपाय आहे. वीज पुरेशी देऊनही हा सूर, अथवा 'टक् टक्', चालूच राहिल्यास तत्क्षणीं वीज बंद करावी व डिस्क या कामाची स्वच्छ खोली बाळगणाऱ्या जाणत्या कारागिराकडे द्यावी. त्यापुढें आणखी एकदां चालवून पाहणें म्हणजे तबकडीवरचा लेप आपल्याच हातानें खरवडणें होय. डिस्क रात्रभर फ्रिजमध्यें ठेवावी म्हणजे चालूं लागते अशी एक समजूत प्रचलित आहे. थंड धातूवर बाहेरच्या हवेंतील पाणी जमतें हें आपल्याकडे पावसाळ्यांत तरी कोणास सांगावें लागूं नये. आमच्या मतें तो उपाय टाकाऊच समजावा.

वीज व आवाज यांविषयीं समाधान झाल्यावरच संगणकाकडे वळावें. दुसऱ्या एखाद्या संगणकास तीच डिस्क जोडून पाहिली म्हणजे दोष डिस्कचा कीं संगणकाचा याचा निवाडा बहुधा तेथेंच होतो. दुसरीकडे ती दिसली, तर आपल्या संगणकांत डिव्हाइस मॅनेजर उघडून त्या डिस्कची नोंद काढून टाकावी व संगणक पुन्हा सुरू करावा. या कृतीनें केवळ संगणकाच्या वहींतील नोंद पुसली जाते, डिस्कवरील मजकुरास धक्का लागत नाहीं. कोठेंच दिसली नाहीं व मोटर मात्र नीट फिरत आहे, तर दुभाष्याचा संशय धरावा. अशा वेळीं पेटी उघडून आंतील डिस्क संगणकाच्या मुख्य पट्टीस थेट जोडतां येते, व तिचा फायदाही होतो. परंतु यांत तीन खोडे आहेत. कांहीं पेट्यांत दुभाष्या सर्व मजकूर सांकेतिक लिपींत घालूनच डिस्कवर लिहितो, त्यामुळें त्याच्यावांचून डिस्क वाचतां येत नाहीं. अशी पेटी टाकून न देतां तिची पट्टी जपून ठेवावी. कांहीं लहान डिस्कांत यूएसबीचें तोंड डिस्कच्या पट्टीवरच डाख देऊन बसविलेलें असतें, तेथें वेगळें काढण्यासारखें कांहीं नसतेंच. आणि कांहीं दुभाषे डिस्कवरील खंडांची मोजणी आपल्याच मापानें करितात. त्यांस वगळलें म्हणजे मजकूर जागच्या जागीं असूनही फेरिस्तेंतील अंक जुळत नाहींत.

यापुढें विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट नांवाचा भाग उघडावा. 'धिस पीसी' या खिडकींत डिस्क नाहीं म्हणजे ती नाहींच, असें मानणारे वाचक आम्हांस पुष्कळ भेटले. तसें नाहीं. ती खिडकी म्हणजे देवडी. डिस्क मॅनेजमेंट म्हणजे वाड्याचा आंतला चौक. येथें डिस्क 'हेल्दी' म्हणून दिसत असून तिला केवळ अक्षर मिळालेलें नसेल, तर इ, एफ, जी असें मोकळें अक्षर द्यावें. पुष्कळदां तेंच अक्षर दुसऱ्या कोणीं आधीं घेतलेलें असतें, इतकेंच. यांत धोका नाहीं. आकार शून्य किंवा 'नो मीडिया' असें दिसल्यास दुभाष्या बोलतो आहे पण धनी उत्तर देत नाहीं असें समजून पुन्हा वीज व आवाज यांकडे जावें. डिस्क 'नॉट इनिशिअलाइज्ड' असें सांगून संगणक एमबीआर कीं जीपीटी असा पर्याय पुढें करील, तर कोणताही पर्याय न निवडतां ती चौकट बंद करावी. कारण तो नवी कोरी फेरिस्त लिहूं पाहतो व जुनीवर लिहितो. एक टेराबाइटची डिस्क ९३१ गिगाबाइट दिसते म्हणून कित्येकजण घाबरून पत्रें पाठवितात. तेथें कांहीं गहाळ झालेलें नसतें. विकणारा कच्च्या शेरानें मोजतो व संगणक पक्क्या शेरानें, एवढाच त्यांतील भेद.

मोडी न येण्याचा जो प्रकार वर सांगितला त्याचींही उदाहरणें थोडीं नाहींत. मॅक संगणकावर तयार केलेली डिस्क विंडोजला वाचतां येत नाहीं, लिनक्सवर तयार केलेलीही येत नाहीं; आणि वाचतां येत नाहीं हें कबूल न करितां विंडोज ती फॉरमॅट करण्याची परवानगी मागतें. बाळबोधच जाणणाऱ्या कारकुनानें मोडी कागद पाहून, 'यावर नुसत्या रेघोट्या आहेत, धुऊन कोरा करूं का ?' असें विचारावें, त्यांतलाच हा मासला. अशा डिस्कला कांहींएक झालेलें नसतें. तिच्या जातीचा संगणक मिळवावा, म्हणजे सर्व मजकूर जसाचा तसा दिसतो. कांहीं संस्थांत जुन्या स्कॅनरपायीं विंडोज एक्सपीचे संगणक अद्याप चालू ठेविलेले आम्हीं पाहिले आहेत. त्या प्रणालीची सामान्य बत्तीस बिटांची आवृत्ति जीपीटी पद्धतीची फेरिस्त जाणत नाहीं. दोन टेराबाइटांहून मोठी डिस्क तेथें जोडल्यास 'जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन' एवढेंच लिहून येतें. तेथें डिस्क नव्हे, संगणकच म्हातारा झाला असें समजावें.

आमच्या प्रकरणांतील डिस्क यांपैकीं कोणत्याच सोप्या वर्गांत बसेना. डिस्क मॅनेजमेंटमध्यें ती पूर्ण आकारानें दिसली, पार्टिशनही दिसलें, परंतु त्यापुढें 'रॉ' असा शेरा होता. याचा अर्थ पार्टिशन सांपडतें पण त्याच्या पहिल्या खंडांतील मायना वाचतां येत नाहीं. अपुऱ्या विजेवर तबकडी फिरतां फिरतां बसली, तेव्हां कांहीं लिहिलें जात होतें व तें अर्धवट राहिलें, असें आमचें अनुमान आहे. स्मार्ट या नांवानें डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेविते ती पाहतां कांहीं खंड वाचण्यास नकार देत आहेत असेंही आढळलें. अशा वेळीं 'चेकडिस्क' ही विंडोजची दुरुस्तीची आज्ञा चालविण्याचा सल्ला हटकून दिला जातो. आमचा त्यास सक्त विरोध आहे. ती आज्ञा अस्सलावरच खाडाखोड करिते. जेथें तिला संगति लागत नाहीं तेथें नोंद काढून टाकून तुकडे अनामिक फाइलींच्या रूपानें एका निराळ्या फोल्डरांत भरते. निरोगी डिस्कवर तिचा उपयोग असेल. आजारी डिस्कवर ती वैद्य होण्याऐवजीं दहनभूमीचा मार्ग दाखविते.

प्रथम नक्कल, मग दुरुस्ती, आणि दुरुस्ती नकलेवरच : हा क्रम आम्हीं पाळला. लिनक्सवर चालणारी जीएनयू डीडीरेस्क्यू नांवाची एक विनामूल्य प्रणाली आहे. ती फाइलींकडे पाहत नाहीं. डिस्कचा पहिल्या खंडापासून शेवटच्या खंडापर्यंत जसाचा तसा ठसा घेते. तिचा विशेष असा कीं, जेथें वाचन अडतें तेथें ती हट्ट धरीत नाहीं. तें स्थळ एका टिपणांत नोंदून पुढें जाते, सुलभ असेल तें सर्व आधीं उतरून घेते, आणि मग मागें वळून अडलेल्या जागा थोड्या थोड्या करून पुन्हा वाचते. टिपण शाबूत असल्यानें मध्येंच काम थांबवून दुसऱ्या दिवशीं तेथूनच पुढें चालवितां येतें. जीर्ण रुमाल सोडणारा अनुभवी माणूसही असेंच करितो. चिकटलेला बंद ओढीत बसत नाहीं, सुटे कागद आधीं अलग करितो. आम्हीं डिस्कहून मोठी एक नवी डिस्क घेऊन तिच्यावर ठसा उतरविला. बहुतेक भाग एका दिवसांत उतरला. राहिलेल्या अल्पशा भागास दोन रात्री लागल्या. या वेळीं मूळ डिस्क संगणकानें आपण होऊन उघडूं नये याची खबरदारी घेतली पाहिजे. पोलिसांच्या तपासशाळांत लेखनास बंदी करणारें एक उपकरण मध्यें जोडतात, तें मिळाल्यास उत्तमच.

ठसा हातीं आल्यावर मूळ डिस्क वेष्टणांत गुंडाळून ठेवून दिली व टेस्टडिस्क या प्रणालीनें नकलेची तपासणी आरंभिली. विंडोजची एनटीएफएस नांवाची जी मांडणी आहे तिच्या पहिल्या खंडाची एक दुय्यम प्रत पार्टिशनच्या अगदीं शेवटीं ठेविलेली असते. सनद देतांना तिची नक्कल दफ्तरीं ठेवण्याची जी जुनी चाल, तिचेंच हें रूप. अव्वल खंड बिघडलेला, दुय्यम शाबूत. दुय्यमावरून अव्वल पुन्हा लिहिला आणि नऊही रुमालांचे फोल्डर आपापल्या अंकांसह पडद्यावर उभे राहिले. दुकानदारानें मेलेली ठरविलेली डिस्क ती हीच !

अंकांसह, हा शब्द आम्हीं मुद्दाम घातला आहे. दुसऱ्या एका सभासदांची डिस्क याच सुमारास आमच्याकडे आली होती. फॉरमॅट करूं काय या प्रश्नास त्यांनीं होकार दिला होता. सुदैवानें तें त्वरित पद्धतीचें फॉरमॅट होतें. त्यानें फेरिस्त कोरी होते, कागद तसेच पडून राहतात. पूर्ण पद्धतीचें असतें तर विंडोज व्हिस्टापासून पुढें सर्व डिस्कभर शून्यें लिहिलीं जातात व मग कोणाचाच इलाज चालत नाहीं. या डिस्कवर फोटोरेक ही प्रणाली चालविली. ती फेरिस्तेकडे न पाहतां मायन्यावरून फाइल ओळखते : प्रत्येक जेपेग चित्राचा आरंभ ठराविक अक्षरांनींच होतो, जसा पत्राचा आरंभ श्रीकारानें. चित्रें हजारोंनीं परत मिळालीं, परंतु नांव नाहीं, रुमाल नाहीं, बंदाचा अंक नाहीं. कोणता कागद कोणत्या घराण्याचा हें न कळणारा ढीग म्हणजे रद्दीच्या दुकानांतून आणलेलें दफ्तर. त्यांतून मार्ग असा निघाला कीं, कॅमेरा प्रत्येक चित्राच्या पोटांत तें घेतल्याची वेळ लिहून ठेवितो. कॅमेऱ्याचें घड्याळ वर्षानें चुकलेलें होतें तरी अनुक्रम खरा होता. त्या अनुक्रमानें चित्रें लावून, सभासदांच्या प्रवासाच्या टिपणवहीशीं ताडून, बहुतेक बाडांची ओळख पटली. तेव्हांपासून आम्ही प्रत्येक रुमालाच्या आरंभीं त्याचा अंक व घराण्याचें नांव लिहिलेल्या कोऱ्या कागदाचें एक छायाचित्र घेत असतों. फोल्डरचें नांव पुसलें जाईल. चित्रांतला शब्द पुसला जाणार नाहीं.

कृष्णाकांठच्या दफ्तराची नक्कल आतां तीन डिस्कांवर असून त्यांपैकीं एक दुसऱ्या गांवीं ठेविली आहे. दर सहा महिन्यांनीं त्या योग्य अॅडाप्टरनें चालवून पाहण्याचें काम आमच्याकडे आहे, आणि काढतांना 'इजेक्ट' केल्यावांचून कोणीही केबल ओढावयाची नाहीं अशी सूचना पेटीवरच लिहिली आहे.

जें मिळालें नाहीं तेंही सांगितलें पाहिजे. मूळ डिस्कचे जे खंड अखेरपर्यंत वाचले गेले नाहींत त्यांत अकरा चित्रांचा भाग सांपडला. त्यांपैकीं नऊ चित्रें कोऱ्या पाठींचीं निघालीं. उरलेलीं दोन चौथ्या रुमालांतील एका महजराच्या लागोपाठच्या बंदांचीं आहेत. पहिल्या चित्राचा वरील अर्धा स्वच्छ असून खालीं करडा पट्टा आहे. दुसरें मुळींच उघडत नाहीं. त्यामुळें हाजिर मजालसीचीं नांवें वाचतां येतात, वादी-प्रतिवादी कोण व वाद पाटिलकीच्या मानपानाचा हेंही कळतें. निवाडा काय झाला तो मजकूर गेला. अशा महजराची नक्कल परगण्याच्या देशपांड्यांच्या दफ्तरीं अथवा प्रतिपक्षाच्या घरीं असण्याचा संभव असतो. प्रतिपक्षाचें घराणें नदीच्या पलीकडील तीरावर अद्याप नांदत आहे असें समजतें. त्यांजकडे जाण्याचा आमचा विचार आहे. त्या परगण्याच्या कागदांचीं छायाचित्रें वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं कृपा करून तीं एकवार चाळून पाहावीं.